गिटारीचा आवाज कुठं तुटत होता

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. गावात कुणी दूध केंद्राचा विषय काढला की मी चपला शोधायला लागायचो. आता पंच्याहत्तरी उलटली आहे. अजून टाळलं तर खरं काय ते माझ्याबरोबर जाईल आणि कागदावर खोटं तेवढं राहील.

कागद म्हणजे आमच्या गावच्या दूध संस्थेचं प्रोसिडिंग बुक. त्यात माझ्या अक्षरातला एक अर्ज चिकटवलेला आहे. 'केंद्रातील दूध तपासणी मशीनच्या लहरींमुळे माझ्या घरातील वायरलेस यंत्रणेत रोज सकाळ-संध्याकाळ अडथळा येतो. याची मी स्वतः तांत्रिक खात्री केली आहे.' खाली सही आणि सहीखाली 'निवृत्त तंत्रज्ञ'. ती तांत्रिक खात्री मी कशी केली, ते आता सांगतो.

माझी सगळी नोकरी परळीच्या थर्मल वीज केंद्रात गेली. काम इन्स्ट्रुमेंटचं. तापमान, दाब, पातळी दाखवणारी मीटरं खरं बोलतात की खोटं, ते बघायचं. कॉलनीत गणपतीला ऑर्केस्ट्रा बसायचा, त्यात मी गिटार वाजवायचो. निवृत्त झाल्यावर केज तालुक्यातल्या आमच्या गावी घर बांधलं आणि गिटार, अॅम्प्लिफायर सगळं घेऊन आलो. गावाला त्याची मोठी गंमत वाटायची. पारावर बसलेली माणसं म्हणायची, "थर्मलचा साहेब तुणतुणं वाजिवतोय." मी साहेब कधीच नव्हतो. पण मी ते कुणाला सांगितलं नाही, कारण ऐकायला बरं वाटायचं.

आमच्या घराच्या भिंतीला लागूनच दूध संस्थेची खोली होती. बायकांची संस्था. सेक्रेटरी म्हणून जिला नेमलं होतं तिला सगळा गाव सेक्रेटरीबाईच म्हणायचा, मीही म्हणायचो. दहावी झालेली. लग्न झाल्यापासून ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, तसा त्यांचा कोयता. सोळा हंगाम तिनं मोळ्या डोक्यावर वाहिल्या. संस्था निघाली आणि हे काम मिळालं, त्या वर्षापासून ती दोघं गावात राहिली. एकदा आमच्या ओट्यावर बसून माझ्या बायकोला म्हणाली होती, "काकू, कोयता माळ्यावर टाकलाय. आता त्यो गंजूनच मरू दे. म्या काय त्याला खाली काढीत न्हाई." एवढं मला चांगलं माहीत होतं. हे मुद्दाम आधी सांगतो, म्हणजे पुढं 'मला कल्पना नव्हती' म्हणायची सोय माझ्याकडं राहणार नाही.

केंद्र सुरू झालं तेव्हा नारळ मीच फोडला होता. चार माणसांसमोर शब्द दिला होता, की कॅन धुवायला पाणी आमच्या अंगणातल्या नळाचं घ्यायचं, कायमचं. तेव्हा बोअरला भरपूर पाणी होतं. शब्द द्यायला माझं काही जात नव्हतं.

मग तो दुष्काळ आला. छावण्या पडल्या, निम्मी जनावरं तिकडं बांधली गेली, दूध उतरलं. आमचा बोअर पहाटे वीस मिनिटं पाणी द्यायचा आणि मग नुसती हवा ओकायचा. गच्चीवरची टाकी कशीबशी अर्धी व्हायची, आणि अंगणातला नळ त्याच टाकीचा. घरातलं पाणी बायको पहाटेच हंड्यांत भरून ठेवायची. आणि रोज दोन वेळा माझ्या नळाखाली कॅन खळखळायचे. तो आवाज ऐकला की मी मनात बादल्या मोजायला लागायचो. पण नारळ फोडून दिलेला शब्द मागं कसा घेणार? गाव थुंकलं असतं तोंडावर. म्हणून मी एक शहाणपणा केला. अंबाजोगाईहून पाण्याची पातळी दाखवणारं एक यंत्र आणलं. त्याची एक डबी टाकीच्या झाकणाखाली बसवायची. टाकीतलं पाणी हललं, कमी-जास्त झालं, की ती डबी बिनतारी संदेश पाठवते आणि खोलीतल्या छोट्या पडद्यावर आकडा दिसतो. पाणी स्थिर असलं की डबी गप्प. डबी मी बसवली बायको बाजारात गेली असताना, आणि पडदा ठेवला टेबलाच्या खणात, बनियनांखाली. बाई किती पाणी नेते ते मला मोजायचं होतं, आणि मी मोजतोय हे कुणाला कळू द्यायचं नव्हतं. बायकोलासुद्धा.

मोजलं तर निघालं काय? दोन बादल्या. कधी दीड. तेही धुवण एका घमेल्यात धरून ती आपल्या गाईला नेऊन पाजायची. हे दिसूनही मी डबी काढली नाही. उद्या जास्त नेईल, म्हणून राहू दिली.

त्याच दिवसांत घरात वायरलेस आलं. बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि गिटारीच्या वायरीत पाय अडकून ती एकदा कॉटवर आदळली. हाडाला काही झालं नाही, पण उठून बसल्या बसल्या तिनं निकाल दिला. "घरात एक तर ही वायर ऱ्हाईल, न्हाईतर मी. बघा, काय ते ठरवा."

मी म्हणालो, "दोन दिवस दे विचार करायला."

त्यावर ती हसली नाही. तिनं पुण्याला मुलीला फोन लावला आणि आठ दिवसांत पार्सल आलं. अंगठ्याएवढे दोन तुकडे. एक गिटारीत खोचायचा, दुसरा अॅम्प्लिफायरमध्ये. मध्ये वायर नाही. गिटार गळ्यात घालून मी सगळ्या घरात फिरलो, स्वयंपाकघरात जाऊन वाजवलं, आवाज खोलीतून येत होता. बायको पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "आता हितं बी सुटका न्हाई व्हय?" पण तिलाही बरं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाजवायला बसलो आणि आवाज तुटायला लागला. सूर लावला की मध्येच कुणीतरी सुरीनं कांदा चिरल्यासारखं कट, कट, कट. जरा वेळ नीट, परत कट, कट. अर्ध्या-पाऊण तासानं आपोआप थांबलं. दिवसभर मग काही नाही. संध्याकाळी परत तेच.

पुढचे पंधरा दिवस मी घरातल्या माणसांना छळलं. ती बिनतारी गिटार वायफाय आणि मोबाइलमधल्या ब्लूटूथच्याच लहरींच्या पट्ट्यात चालते, हे मला पुस्तिकेत वाचून कळलं होतं. म्हणून आधी मोबाइल बंद केले. मुलीनं तिकडं दिवसभर फोन लावून शेवटी शेजारी फोन केला, की आईबाबा जिवंत आहेत ना. मग नेटचा डबा बंद केला. मग मिक्सर, पंखा, ट्यूब, इन्व्हर्टर. बायकोला अंधारात, उकाड्यात, पाट्यावर चटणी वाटायला लावली. तुकड्यावरचं बटण दाबून चारही चॅनल बदलून बघितले. अॅम्प्लिफायर कोपऱ्यातून दारात, दारातून कॉटखाली नेला. जेवणाच्या डब्यातला चांदीचा कागद काढून त्या तुकड्याला गुंडाळला, तर होता नव्हता तोही आवाज गेला. एकदा खुर्चीवर उभा राहून, गिटार छताला लागेल इतकी वर धरून वाजवत होतो. बायको दारात येऊन बघत राहिली.

"काय करताय वो?"

"सिग्नल बघतोय."

"दिसला तर मला बी दावा. आन् उतरा खाली. माझ्या गुडघ्याचं झालं तेवढं बास हाय."

खुर्चीवर उभा असताना माझं डोकं आणि टाकीतली ती डबी यांत पाच हातांचंसुद्धा अंतर नव्हतं. घरातली प्रत्येक वस्तू मी यादीत घेतली, पण ती डबी यादीत आलीच नाही. जी वस्तू सगळ्यांपासून लपवली होती, ती माझ्या स्वतःच्याही मोजदादीत राहिली नव्हती.

माझ्या डोक्यात वेळ बसली होती. सकाळ-संध्याकाळ, म्हणजे दूध घालायची वेळ. आणि त्याच उन्हाळ्यात केंद्रात दुधाचं फॅट तपासायचं नवं मशीन आलं होतं, त्याला बोटभर अँटेना होती. मी भिंतीला कान लावला. पलीकडं मशीन पी-पी करायचं आणि अलीकडं माझी गिटार कट-कट. संपलं. चोर सापडला.

मी केंद्रात गेलो. बायका केटल्या घेऊन रांगेत होत्या. मी म्हणालो, "बाई, हे मशीन जरा बंद करा. मला तपासायचंय."

सेक्रेटरीबाई म्हणाली, "भाऊ, मशीन दुधातलं फॅट बगतंय. तुमच्या गिटारीशी त्याचं काय वाकडं हाय?"

रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "गिटारीला बी फॅट लागलं आसंल, बगा की घालून." सगळ्या खळखळून हसल्या. मला ते लागलं. मी आवाज चढवला, आणि बाईनं मुकाट्यानं मशीन बंद केलं. दूध घेणं थांबलं. तिनं नळावर कॅन धुवायला लावलेली बाईही हात पुसत येऊन उभी राहिली, काय तमाशा आहे बघायला. नळ बंद झाला. मी घरी पळत येऊन वाजवलं. आवाज स्वच्छ. पाच मिनिटं स्वच्छ. खिडकीतून ओरडलो, "करा चालू!" मशीन सुरू झालं, रांग हलली, कॅन परत नळाखाली गेले, आणि गिटार तुटायला लागली.

हीच माझी तांत्रिक खात्री. थर्मलमध्ये नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी मी त्याला एकच गोष्ट शिकवायचो, की दोष शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मशीन बंद करताना आपण आणखी काय बंद केलं, ते बघायचं. आयुष्यभर दुसऱ्यांना हे सांगितलं आणि स्वतःच्या अंगणातला नळ मला दिसला नाही. आजही आठवलं की कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो.

संध्याकाळी संस्थेच्या चेअरमनबाईंचा नवरा ओट्यावर येऊन बसला. कागदोपत्री चेअरमन बायको, कारभार सगळा याचा, त्यामुळं गाव त्यालाच चेअरमन म्हणायचं. त्यानं तंबाखू मळत विचारलं, "साहेब, मशीनचा तरास हाय म्हणं तुमाला?"

मी सगळं सांगितलं. चांगलं रंगवून, लहरी, पट्टा, अँटेना.

"मंग लेखी द्या की. तुमी जाणकार माणूस. तुमच्या शब्दाला वजन हाय. केंद्र आमच्या गल्लीतल्या पत्र्याच्या शेडात नेऊ, तुमची बी कटकट मिटंल."

"आणि बाई?"

त्यानं तंबाखू तोंडात टाकली. "बाईचं बगू."

'बाईचं बघू' म्हणजे काय, ते गावात राहणाऱ्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. ते शेड गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं आणि शेडामागं त्याच्या भावजयीचं घर. मला कळलं होतं. तरी आत जाऊन मी कोरा कागद आणला. खरं सांगायचं तर त्या क्षणी गिटारीबरोबर माझ्या मनात रोजच्या दोन बादल्याही होत्या. केंद्र गेलं की शब्द न मोडता पाणी वाचणार होतं.

मीटिंगमध्ये अर्ज वाचला गेला. सेक्रेटरीबाई उभी राहिली. तिनं भांडण केलं नाही. एवढंच विचारलं, "मशीन बदलून मागवलं तर न्हाई का चालायचं? न्हाईतर मशीन त्या कोपऱ्यात ठिवते, भिंतीपासून लांब." मग माझ्याकडं वळली. "भाऊ, तुमी सांगा. लांब ठिवलं तर?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणालो, "लहरींना भिंत अडवत नाही, बाई." मोठं वाक्य होतं. त्या वाक्यावर अर्ज मंजूर झाला.

केंद्र हललं. पाठोपाठ, रोज पहाटे तेवढ्या लांब येणं बाईला जमायचं नाही, असं परस्पर ठरलं आणि किल्ली भावजयीकडं गेली. आणि माझी गिटार? एकदम स्वच्छ. आठ-दहा दिवस मी खुशाल वाजवत होतो. बायको तेवढी स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची. एकदा म्हणाली, "तिनं ऊसतोडीच्या मुकादमाला होकार दिलाय म्हणं. दसरा झाला की जाणार." मी गिटार थांबवली नाही.

घटस्थापना जवळ आली. घट बसायच्या आधी घरातल्या सगळ्या गोधड्या धुवून काढायची आमच्याकडं रीत. दुष्काळातही बायका ती सोडत नाहीत. नुसतं पाणी शिंपडतील, पण गोधडी दांडीवर टाकतील. बायकोनं चार दिवस टाकीत पाणी साठवलं आणि एका दुपारी अंगणात गोधड्या काढल्या. मी आत वाजवत होतो. तिनं नळ सोडला आणि गिटार तुटायला लागली. कट, कट, कट. मी घड्याळ बघितलं. दुपारचे दोन. दूध नाही, मशीन नाही, केंद्र गावाच्या त्या टोकाला.

मी बाहेर येऊन म्हणालो, "नळ बंद कर."

"का?"

"कर म्हणतो ना."

तिनं केला. मी आत जाऊन वाजवलं. स्वच्छ. "सोड!" तिनं सोडला. कट, कट. गुडघ्यापर्यंत साडी खोचून ती वैतागून उभी होती. "काय खेळ लावलाय? गोधडी भिजू द्या की!" मी गच्चीवर चढलो. टाकीचं झाकण काढलं आणि डबीची बॅटरी उपसून खिशात टाकली. खाली आलो. नळ चालू, गिटार स्वच्छ. पहिल्या तारेपासून सहाव्या तारेपर्यंत स्वच्छ.

बायकोनं विचारलं, "काय झालं? घाम कशाचा एवढा?"

म्हणालो, "काही नाही. ऊन आहे."

पाणी हललं की डबी बोलायची, आणि ती बोलली की गिटार तुटायची. सकाळ-संध्याकाळ पाणी हलायचं कारण मीच दिलेल्या शब्दाप्रमाणं तिथं कॅन धुतले जायचे. मशीनचा काही संबंध नव्हता. मी तिच्यावर पाळत ठेवायला लावलेलं यंत्रच माझा आवाज तोडत होतं, आणि त्याचा दोष मी तिच्या माथी मारला.

दसऱ्याला अजून बरेच दिवस होते. सांगितलं असतं तर अर्ज मागं घेता आला असता. रोज सकाळी मी चेअरमनकडं जायला निघायचो आणि कोपऱ्यावरून परत फिरायचो. सांगायचं म्हणजे डबीचं सांगावं लागलं असतं. डबी का लावली, ते सांगावं लागलं असतं. दोन बादल्या पाणी मोजणारा साहेब. मशीन निर्दोष आहे एवढंच सांगता येईल का, याचाही मी विचार केला. पण मग प्रश्न आलाच असता, की आवाज कशानं तुटत होता? आणि पाऊसही नेमका परतीचा का होईना पडायला लागला, लोक रानात गेले, कुणाला कशाचं पडलं नव्हतं. दिवस निघून गेले.

पुढं काय झालं तेही सांगून टाकतो. शेडातलं केंद्र दोन वर्षांत बंद पडलं. सेक्रेटरीबाई त्या हंगामापासून दर हंगामाला ऊसतोडीला गेली. तिसऱ्या का चौथ्या वर्षी उसाच्या फडात मोळी घेऊन पडली आणि तिची कंबर कायमची वाकली. आता ती कारखान्याच्या पट्ट्यातच लेकीकडं असते. तिचा नंबर माझ्याकडं आहे. बायको तिच्याशी बोलते, मी शेजारी बसलेला असतो. वायरलेस मी मुलीला परत पाठवून दिलं, नीट चालत नाही म्हणून. तेही खोटंच.

ती दोघं निघाली त्या सकाळी मात्र मी गेलो होतो. घरून पाठ करून निघालो होतो. ट्रॅक्टर शाळेपुढं उभा होता. ट्रॉलीत भांडी, जळण, कोंबड्यांची डालगी आणि वर बसलेली माणसं. ती खाली उभी राहून, आत चढवलेल्या गाईचं दावं ट्रॉलीच्या कडेला बांधत होती. कमरेला कोयता होता. पातं घासून पांढरं केलेलं, मुठीजवळ तेवढा गंज राहिला होता. मला बघून तिनं पदर सारखा केला.

मी म्हणालो, "बाई, जरा बोलायचं होतं."

ती म्हणाली, "मला बी बोलायचंच व्हतं, भाऊ. बरं झालं आलात. एवडी वर्षं तुमच्या नळाचं पाणी घेतलं, कवा एका शबुदानं बोलला न्हाईत. आन् माझ्या मशीनीपायी तुमच्या वाजिवण्याला तरास झाला. मला त्यातलं कळत न्हाई, त्या दिवशी बायका हसल्या, त्येची माफी मागायची बी ऱ्हाऊन गेली. मनात ठिवू नका. माफ करा."

ट्रॅक्टर चालू झाला. नवऱ्यानं वरून हात दिला आणि ती चाकावर पाय ठेवून चढली. माझ्या तोंडात ते पाठ केलेलं वाक्य तयार होतं. 'बाई, मशीनचा दोष नव्हता, तो माझ्याच घरातून येत होता, मला माफ करा.' ती वरून माझ्याकडं बघत होती, उत्तराची वाट बघत.

मी म्हणालो, "असू द्या, बाई. झालं ते झालं."